खाट अडते कुठे?

इंग्लंडमधल्या ज्या सरकारी रुग्णालयात मी व्यवस्थापनाचं काम करतो, तिथे सकाळ खाटांच्या बैठकीने सुरू होते. वॉर्डांच्या सिस्टर, इमर्जन्सीचे डॉक्टर, फार्मसीवाले, सगळे फळ्यासमोर. रिकाम्या खाटा किती आणि खाली इमर्जन्सीत ताटकळलेले पेशंट किती, एवढाच विषय. दाराबाहेर अँब्युलन्स रांगेत उभ्या असतात आणि आत कोणीतरी ट्रॉलीवरच रात्र काढलेली असते. सांगलीहून फोन आला की हमखास प्रश्न येतो, "तिकडे सगळं फुकट आणि एवढं पुढारलेलं, मग खाटा का पुरत नाहीत?"

खाटा कमी आहेतच, पण आहेत त्याही अडून बसतात. एखादे ऐंशीच्या घरातले आजोबा धरा. न्यूमोनिया बरा झाला, सकाळच्या राऊंडला मोठे डॉक्टर म्हणाले, आज घरी. घरी न्यायच्या गोळ्यांची चिठ्ठी ज्युनिअर डॉक्टरने लिहायची, पण तो अजून पुढच्या वॉर्डात राऊंडवरच आहे. दुपारी चिठ्ठी फार्मसीत पोचते, गोळ्या वर यायला संध्याकाळ होते आणि तोवर घरी सोडणारी गाडी निघून गेलेली असते. आजोबांचा मुक्काम एका रात्रीने वाढतो. फार्मसीचे आकडे चोख, गाडीवाल्यांचे चोख, वॉर्डाचेही चोख. आपापल्या कप्प्यात कोणाचंच काही चुकलेलं नाही, आणि तरी खाली एक आजी रात्रभर ट्रॉलीवर पडून राहते.

ही झाली एका रात्रीची गोष्ट. आजोबांना घरी अंघोळ घालायला माणूस लागणार असेल, तर प्रकरण आठवड्यांवर जातं. दवाखान्याचा खर्च एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, केंद्राच्या तिजोरीतला. घरी मदतीला येणाऱ्या माणसाची सोय करायची स्थानिक कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, तीही आजोबांची बचत किती हे तपासून. दोन खाती, दोन बजेटं. १९४८ साली एनएचएस सुरू झाली तेव्हापासूनची ही फाळणी. उपचार संपूनही खाटेवर अडकलेले पेशंट इंग्लंडात अलीकडच्या वर्षांत रोज दहा हजारांच्या वर निघतात. २०२२च्या कायद्याने ही दोन्ही खाती एका टेबलावर आणायला ४२ प्रादेशिक मंडळं नेमली. टेबल एक झालं, पण पैशाच्या पिशव्या बहुतेक ठिकाणी अजून वेगळ्याच आहेत आणि माझ्या मते गाडं अडतं ते तिथेच.

सांगलीकराला हे पुरावरून चटकन कळेल. कोयनेवाले कोयना धरणाची पातळी बघणार, चांदोलीवाले चांदोलीची, खाली कर्नाटकात अलमट्टीचा हिशेब वेगळाच. फटका बसतो सांगलीला. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. कुठल्याही एका धरणाचा तक्ता वाचून हा पूर समजत नाही. पाऊस, विसर्ग, हरिपूरच्या संगमावर वारणेचा फुगवटा, हे सगळं एकत्र मांडावं लागतं.

इथे इंग्लंडात एक गोष्ट मात्र मनापासून पटलेली आहे, ती खुब्याच्या हाडाची. म्हातारं माणूस पडलं, खुबा मोडला, की पूर्वी हाडाचे डॉक्टर ऑपरेशन करून मोकळे होत. साखर, रक्तदाब, पेशंटचं बरळणं, हे सगळं दुसऱ्या कोणाचं तरी काम. २०१० पासून रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशालाच अटी जोडल्या: दाखल झाल्यापासून ३६ तासांत ऑपरेशन, वृद्धांच्या डॉक्टरची तपासणी, पुन्हा पडू नये म्हणून तपासण्या. सगळ्या अटी पूर्ण झाल्या तरच वाढीव रक्कम. मग हाडाचे आणि वृद्धांचे डॉक्टर एकाच वॉर्डात एकत्र राऊंड घ्यायला लागले. नव्या इमारती लागल्या नाहीत. ऑपरेशनं लवकर व्हायला लागली आणि महिन्याभरातले मृत्यू कमी झाले.

आपल्याकडे कप्पे काही कमी नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय आरोग्य खात्याचं, सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं, शहरातली आरोग्य केंद्रं महापालिकेची, अंगणवाडी महिला-बालविकासची. जतच्या एखाद्या गरोदर बाईला नऊ महिन्यांत यातली बरीच दारं चढावी लागतात. खासगीत तर प्रत्येक दवाखाना स्वतंत्र संस्थान. आणि मिरजेत काय नाही? डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातूनही पेशंट येतात. तज्ज्ञ, लॅब, स्कॅन, सगळं हाकेच्या अंतरावर.

या सगळ्यांना आजवर जोडलं कोणी? पेशंटच्या नातेवाइकाने. प्लॅस्टिकच्या पिशवीत फायली आणि एक्स-रे घेऊन या दारातून त्या दारात पळणारा मुलगा नाहीतर जावई, हीच आपली यंत्रणा. आणि आता तो मुलगा पुण्यात असतो, बंगळुरूत असतो, माझ्यासारखा इंग्लंडात असतो. पिशवी आईच्याच हातात राहिली. याची मला खरंच काळजी वाटते.

मिरजेच्या माझ्या आत्याला चक्कर येत होती. हृदयाचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे. तिला मी सगळी पाकिटं टेबलावर मांडून फोटो पाठवायला सांगितलं आणि ते तिच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना दाखवायला लावले. रक्तदाबाच्या एकाच औषधाच्या, अम्लोडिपिनच्या, गोळ्या दोन नावांनी चालू होत्या, एक एकाने दिलेली, दुसरी दुसऱ्याने. दोघांनीही योग्यच औषध दिलं होतं, पण एकाचा कागद दुसऱ्यासमोर आलाच नव्हता. फॅमिली डॉक्टरांनी दोघांना फोन करून एक गोळी बंद केली.

म्हणून मिरजेतल्या डॉक्टर मित्रांना मी सध्या एकच गळ घालतोय. सुरुवात खुब्याच्या हाडापासून करा. हाडाचे सर्जन, एक फिजिशियन आणि फिजिओथेरपिस्ट, तिघांचा एकच केसपेपर. घरी सोडताना सगळ्या औषधांची मराठीत एक यादी, कुठली जुनी गोळी बंद केली ते ठळक लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी सिस्टरचा घरी फोन: गोळ्या आणल्या का, संडासला उठता येतं का, रात्री सोबतीला कोण आहे? दोघांनी होकार दिलाय. फोनसाठी सिस्टरचा वेळ कोणाच्या खर्चात धरायचा, यावर अजून घोडं अडलंय.