गोल मनोऱ्यातला तास

युरोपच्या सहलींवर टूर मॅनेजर म्हणून जातो तेव्हा ज्येष्ठ मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पायऱ्या किती आहेत रे?" कोपनहेगनमध्ये त्या दिवशी तो विचारला साताऱ्याच्या निवृत्त विज्ञान शिक्षिकेने. गटातले सगळे त्यांना बाईच म्हणत. हातात काठी, दोन्ही गुडघे दुखरे.

टाउन हॉलच्या चौकातून आम्ही स्ट्रॉयेटवर आलो. १९६२ मध्ये हा रस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा धंदा बुडेल म्हणून दुकानदार धास्तावले होते. आज तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण आसपासची जुनी दगडी फरसबंदी दुखऱ्या गुडघ्यांना सोसत नाही. जुन्या बाजारचौकातल्या कारंज्यापाशी बाई टेकल्या. "मी बसते इथेच. मनोरा तुम्ही बघून या."

"बाई, अगदी वरच्या टोकाच्या थोड्या पायऱ्या सोडल्या, तर त्या मनोऱ्याला जिनाच नाही," मी म्हणालो. त्या उठल्या.

डेन्मार्कच्या चौथ्या ख्रिस्तियान राजाने बांधलेला हा गोल मनोरा १६४२ मध्ये पुरा झाला. माथ्यावर वेधशाळा, शेजारच्या चर्चच्या माळ्यावर पूर्वी विद्यापीठाचं ग्रंथालय होतं. जड उपकरणं आणि पुस्तकं वर चढवायची, म्हणून आत विटांची रुंद चढण केली आहे: साडेसात वळसे, बाहेरच्या कडेने सुमारे २६८ मीटर. १७१६ मध्ये रशियाचा झार पीटर घोड्यावर बसून वर गेला होता. आतल्या बाजूने अंतर कमी, पण चढ अंगावर येतो. बाईंना मी बाहेरच्या भिंतीलगत, खिडकी आली की थांबत, हळूहळू नेलं.

अशाच एका खिडकीशी मी सांगितलं, की डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर या वेधशाळेचे प्रमुख होते. बाईंनी माझा हात धरला. "रोमर? प्रकाशाचा वेगवाला?"

मी माइक त्यांच्या हाती दिला. गुरूचा आयो हा चंद्र ठरावीक वेळाने गुरूच्या सावलीत शिरतो. पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की ती ग्रहणं उशिरा दिसतात, जवळ येत असली की लवकर. म्हणजे प्रकाशाला यायला वेळ लागतो. रोमरने हे १६७६ मध्ये पॅरिसला मांडलं. बाई हातानेच कक्षा काढून दाखवत होत्या. पृथ्वीची कक्षा आरपार ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात, असा त्याचा हिशोब.

गटातल्या कॉलेजच्या मुलीने लगेच हरकत घेतली, "सूर्यापासून आठ मिनिटं ना? मग सोळा-सतराच व्हायला हवीत."

"बरोबर. आकडा चुकला. पण प्रकाश क्षणात पोचतो असं देकार्तसारखा मोठा फ्रेंच तत्त्वज्ञ मानत होता, ते याने मोडून काढलं!"

रोमरच्या बहुतेक नोंदी १७२८ च्या आगीत याच मनोऱ्यात जळाल्या, हे मी सांगितलं तेव्हा बाई खरोखर हळहळल्या. इतक्या वर्षांत या मनोऱ्याची माहिती मी कित्येकांना दिली, पण तिथे घडलेल्या कामाचं मोल मला त्यांच्यामुळे उमगलं.

शेवटच्या अरुंद जिन्याशी बाई थांबल्या. ती मुलगी गच्चीवर न जाता त्यांच्यापाशीच प्रश्न विचारत बसली. या सगळ्यात आमची कालव्यातली बोट चुकली. कुणी तक्रार केली नाही, आणि पुढच्या बोटीत जागाही मिळाली.