घोड्याची डावी बाजू

व्हॉट्सॲपवर मेरी-गो-राउंडच्या जुन्या लाकडी घोड्याचा फोटो आला तेव्हा मी जेवत होते. "छान आहे काका, शनिवारी येते बघायला," असं लिहून मोकळी झाले. फोटो जरा नीट बघितला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

मी फिलाडेल्फियात जुन्या रंगवलेल्या लाकूडकामाची दुरुस्ती करते. न्यू जर्सीतल्या एडिसन गावचे हे काका जुन्या अमेरिकन कार्निव्हलचं, म्हणजे फिरत्या जत्रेचं सामान जमवतात. "घर आहे की जत्रा?" हे काकूंचं पालुपद. भिंतीवर साइडशोचा, म्हणजे जत्रेतल्या अचाट खेळांच्या तंबूचा, भलाथोरला कापडी पडदा, त्यावर तलवार गिळणारा माणूस. असे पडदे गुंडाळून गावोगाव न्यायचे, म्हणून रंग पातळच द्यायचे. जाड थर तडकतो. शिकागोच्या फ्रेड जॉन्सनने जवळजवळ सगळं आयुष्य असे पडदे रंगवण्यात घालवलं.

मला मात्र शोकेसमधल्या बाहुल्या आवडतात. चेंडू मारून पाडायच्या, भुसा भरलेल्या, कडेने केसाळ झालर लावलेल्या. झालरीत बोट घातलं की कळतं, आत अंग जेमतेम पंजाएवढं. बाकी सगळे केस. चेंडू केसांतून आरपार जातो, बाहुली जागची हलत नाही आणि आपण पुन्हा खिशात हात घालतो. लबाडीचं इतकं देखणं शिवणकाम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

घोडा जेवणाच्या खोलीत होता आणि त्याच्यावर काकांचा सहा वर्षांचा नातू बसला होता. आधी त्याला उतरवलं. तपासणीची काडी ओली करून मानेवर घासली, टोक गुलाबी झालं. शिसं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८मध्ये बंदी आली. हा घोडा त्याच्या कितीतरी आधीचा. नातवाला हात धुवायला पिटाळलं.

काकांनी घोड्यासाठी भिंतीत खास कोनाडा करून घेतला होता, वर दिवे, तोंड खिडकीकडे, म्हणजे उजवी बाजू आपल्यासमोर. घोडा 'फिलाडेल्फिया'च्या घडणीचा, असं विक्रेत्याने कागदावर छापून दिलं होतं. काका म्हणाले, "ताई, सगळा रंग खरवडून सोनेरी करून टाका. पण ही बाजू अशी सपाट का हो? झिजली का?"

मी वाकून भिंतीकडची बाजू बघितली. आयाळीच्या खोल बटा, खोगिरावर गुलाब, पट्ट्यावर नक्षी. सगळा थाट भिंतीला तोंड करून!

अमेरिकेतलं मेरी-गो-राउंड घड्याळाच्या उलट फिरतं. घोड्याची उजवी बाजू बाहेर, बघणाऱ्यांकडे येते, म्हणून कारागीर सगळी हौस तिथेच फेडायचा. जमवणारे तिला 'रोमान्स साइड' म्हणतात. इंग्लंडमधलं फिरतं घड्याळाप्रमाणे, तिथे नटते डावी बाजू. या घोड्याला तर एकामागे एक दोन माणसं बसतील असं लांब खोगीर होतं. तेही इंग्लंडकडचंच वळण.

"म्हणजे फसवलं मला?"

"घोडा खोटा नाही काका. कागद खोटा आहे."

इंग्लिश घोड्यांच्या मानेवर बऱ्याचदा नाव रंगवलेलं असतं. काकांची परवानगी घेऊन डाव्या मानेवर नखाएवढी खिडकी उघडली. हातमोजे, मास्क, कापसाची काडी, सर्जनचं पातं. वर चकचकीत पांढरा, खाली लाल, त्याखाली शेवाळी हिरवा. दर काही वर्षांनी जत्रावाल्याने नवा हात दिलेला. तासाभराने हिरव्याखाली सोनेरी कड चमकली, तिला निळी सावली. अक्षराची कड! अजून दोन तासांत तीन अक्षरं सुटी झाली. एफ, एल, ओ.

काका तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. फ्लोरा, फ्लॉसी की फ्लोरेन्स, यावर त्यांची नातवाशी पैज लागली. खरवडून सोनेरी करायचं नाव त्यांनी परत काढलं नाही. मीही काढू दिलं नसतं. पुढचे थर माझ्या वर्कशॉपमध्ये, सावकाश काढायचं ठरलं. तोवर नातवाला बसायला बंदी.

राहिला कोनाडा. डावी बाजू समोर आणायची तर घोड्याचं तोंड खिडकीकडून फिरणार. काकूंनी हाताने अंदाज घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे हा आता दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात डोकावत बसणार?"