आमची वाटचाल : मिलिमीटरचे पाने

म्हापशातले आमचे गॅरेज बाबांनी एका भागीदारासह सुरू केले, तेव्हा पुढच्या दाराशी ॲम्बॅसेडर आणि फियाट उभ्या असत आणि मागच्या आवारात हणजूण-वागातोरहून आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या फोक्सवॅगन व्हॅन. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आलेल्या त्या गाड्यांत वेस्टफालिया या जर्मन कंपनीने बसवलेला बिछाना, शेगडी आणि उघडणारे छप्पर असे, आणि मागच्या बाजूला हवेवर थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन. जुन्या रचनेत ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचे तेल थंड करणारा भाग, हवेच्या वाटेत उभा असल्यामुळे तिसरे सिलिंडर जास्त तापते, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती त्या इंजिनाचे टॅपेट (झडपांची फट जुळवायचे भाग) देऊ नयेत, असे बाबा सांगत.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि मागचे आवार ओस पडू लागले. त्यातच डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेले सुटे भाग जोडूनच बनत, आणि ७९६ सीसीचे ते तीन सिलिंडरचे इंजिन पाहून बाबा म्हणाले, "हा पत्र्याचा डबा आहे, दोन पावसाळ्यांत कुजेल." भागीदाराला तसे वाटले नाही. त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःचे गॅरेज काढले, आमची दोन तयार पोरे नेली, आणि आम्ही फक्त हिप्पींच्या भंगाराचे कारागीर आहोत असे गिऱ्हाइकांना सांगितले. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मला जास्त सलते ते वेगळेच. ॲम्बॅसेडरला इंचाचे पाने (नट-बोल्ट फिरवायची हत्यारे) लागतात, पण मारुतीला मिलिमीटरचे, आणि आमच्याकडे जर्मन व्हॅनसाठी घेतलेले मिलिमीटरचे दोन पूर्ण संच होते. वाटणीत त्यातला एक भागीदाराने नेला आणि त्याच्यावर बंगला बांधला. दुसरा आमच्या भिंतीवर तेल लावून टांगलेला राहिला, कारण बाबांनी एकही मारुती आत घेतली नाही. भाडे थकले, इंजिन उचलायची चेन पुली विकावी लागली.

त्या काळात टिकवले ते हरमलला उतरणाऱ्या एका जर्मन गृहस्थांनी. पिस्टन आणि सिलिंडरचे संच ते स्वतःच्या सामानातून आणत, मजुरी आगाऊ देत, आणि टॅपेट लावताना फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, हातात घेऊन शेजारी उभे राहत. बाबा गेल्यावर मी मारुतीही घेऊ लागलो, आणि कुजण्याचे भाकीत खोटे ठरले हे मान्य करतो.

जुनी व्हॅन बाळगणाऱ्यांना एवढेच सांगतो की टॅपेट पूर्ण थंड इंजिनावर, म्हणजे गाडी रात्रभर उभी ठेवून, ०.१५ मिलिमीटरच्या फटीवर लावावेत, आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप आजच बदलावेत. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ते लवकर चिरतात, आणि गळलेले पेट्रोल तापल्या इंजिनावर पडले की व्हॅन वाचत नाही.

मागच्या चाकाच्या नटाला लागणारा ४६ मिलिमीटरचा सॉकेट आमच्याकडे आहे. त्या भागीदाराच्या मुलाकडे हल्ली एक जुनी व्हॅन दुरुस्तीला आली आहे, म्हणून तो सॉकेट मागायला त्याचा माणूस येतो. आम्ही देतो, पण वहीत सही घेऊन.