काकांचं दुखणं तपासून घेताना

पहिल्याच तालमीत काकांनी खाटेवर अंग टाकलं, डोळे गच्च मिटले आणि "आई गं!" असा टाहो फोडला की शेजारच्या वर्गातल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांचा जन्म गेला तो फोंड्याकडच्या देवळांतल्या काल्याच्या नाटकांत. मंडपातल्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू गेलं पाहिजे, ही त्यांची शिस्त. मी म्हटलं, "काका, इथे शेवटची रांग तुमच्या खाटेपासून दीड हातावर आहे."

ते उठून बसले. जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बाय, रडायचं नाही म्हणतेस?"

"रडायचं नाही. लपवायचं."

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, आणि गेले काही महिने हेच काम डोक्यात आहे: दुखणं ओळखायला शिकवण्यासाठी एक सिम्युलेटेड पेशंट उभा करायचा. म्हणजे धडधाकट माणूस, पण ठरवून दिलेलं दुखणं अंगावर घेऊन विद्यार्थिनीसमोर पडून राहणारा. ही पद्धत जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने ती पहिल्यांदा वापरली. आता वैद्यकीय आणि नर्सिंग शिक्षणात ती जगभर रुळली आहे. पण माणूस खाटेवर झोपवला आणि काम झालं, असं होत नाही. त्याने दाखवलेलं दुखणं खऱ्या दुखण्यासारखं आहे का, आणि पहिल्या मुलीला दिसलं तेच नवव्या मुलीला दिसतं का, हे तपासून घ्यावं लागतं. नाहीतर आपण मुलींना चुकीचं काहीतरी फार मन लावून शिकवत बसू.

आमची केस अशी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला बागायतदार, वय ५८. अपेंडिक्स फुटलं म्हणून पोट उघडावं लागलं, आज दुसरा दिवस. मधोमध उभी चीर. निपचित पडून असला तर दुखणं दहापैकी तीन. खोकला, वळला, की सात. "दुखतंय का?" असं नुसतं विचारलं तर त्याचं एकच उत्तर, "कांय ना, बरं आहे." सात बाहेर येतात ते फक्त "जरा खोकून दाखवा" किंवा "कुशीवर वळता का?" असं म्हटल्यावर.

हा माणूस मी कल्पनेतून काढलेला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका हॉस्पिटलात रात्रपाळीला, असेच एक आजोबा माझ्या वॉर्डात होते. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "बरं आहे" म्हणाले. मी चार्टवर २ लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. सकाळी राउंडला डॉक्टरांनी त्यांना खोकायला सांगितलं आणि आजोबा पोटाशी गुडघे घेऊन अक्षरशः मुटकुळं झाले. रात्रभर त्यांनी एकही खोल श्वास घेतला नव्हता. श्वास वरवरचा राहिला की फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ साचतो. दोन दिवसांनी त्यांना ताप भरला, छाती भरून आली. तो २ माझ्या अक्षरातला होता.

मार्गो मॅककॅफरी या नर्सने १९६८ मध्ये सांगितलं की रुग्ण म्हणेल ते दुखणं, आणि तो म्हणेल तेव्हा ते असतं. नर्सिंगच्या प्रत्येक मुलीला हे पाठ असतं. पण आमच्याकडे त्याचा अर्धाच अर्थ घेतला जातो: नाही म्हणाला, तर नाही. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली. तिच्या टिपांत स्पष्ट म्हटलंय की बोलून सांगणं ही दुखणं व्यक्त करण्याच्या अनेक रीतींपैकी फक्त एक आहे. काकांची सगळी भूमिका या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

केस लिहून झाल्यावर ती पाच जणांकडे पाठवली. सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर, एक भूलतज्ज्ञ, माझी एक सहकारी, आणि गेल्या वर्षभरात पोटाचं ऑपरेशन झालेली दोन माणसं. प्रत्येक मुद्द्याला १ ते ४ गुण द्यायचे, १ म्हणजे गैरलागू, ४ म्हणजे अगदी लागू. मेरी लिन यांनी १९८६ मध्ये याचा नियम मांडला होता: परीक्षक पाच किंवा त्याहून कमी असतील तर मुद्दा टिकायला सगळ्यांनीच ३ किंवा ४ दिले पाहिजेत. एकाचंही मत वेगळं पडलं तर मुद्दा पुन्हा लिहायचा.

सगळ्यात जास्त वाद झाला नाडीवरून. घाम आणि नाडी काकांना वठवता येत नाही, म्हणून ते आकडे खाटेजवळच्या कार्डावर लिहायचे होते. सिस्टरांचं म्हणणं, एवढं दुखतंय तर नाडी १२० लिहा. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, मुळीच नको. नाडी आणि रक्तदाब हे दुखण्याचे भरवशाचे साक्षीदार नव्हेत. भीतीने, तापाने, रक्त कमी झाल्याने नाडी वाढते, आणि दुखत असूनही ती नेहमीसारखी राहू शकते. शेवटी ८८ लिहिली. आता ८८ बघून निश्चिंत होणारी मुलगी तिथेच अडकते, आणि नंतर त्यावर बोलता येतं. सिस्टरांनी दुसऱ्या फेरीत त्या मुद्द्याला ४ दिले तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण केसमध्ये जीव ओतला तो त्या दोन ऑपरेशनवाल्या माणसांनी. त्यांतल्या बाईंनी काकांची तालीम पाहिली आणि म्हणाल्या, "हे पाण्याचा पेला घेतात ते चुकतंय." काका हात लांब करून पेला घेत होते. बाईंनी स्वतः करून दाखवलं. कोपर कुशीला चिकटलेलं, फक्त मनगट पुढे. पेला हाताला लागेना तर हात तसाच अधांतरी थांबला, आणि त्यांनी पेल्याकडे न बघता कठड्याकडे बघितलं. "हलायच्या आधी मनात हिशेब होतो," त्या म्हणाल्या. "कुठे धरायचं, किती वळायचं, तेवढ्याने किती दुखेल. आणि शिंक येईलसं वाटलं की जीव जातो." आम्ही तिघी शिकलेल्या, इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या, आणि तो कठड्याकडचा कटाक्ष आमच्या कोणाच्याच कागदावर नव्हता. आता आहे.

दुसरा घोळ शब्दांचा. रोनाल्ड मेलझॅक यांच्या १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीत दुखण्याचे ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. आमच्या मुली इंग्रजीतून शिकतात आणि मग रुग्णाला विचारतात, "वेदना तीक्ष्ण आहे की बोथट?" सत्तरीतला बागायतदार याला काय उत्तर देणार? आपल्याकडे दुखण्याला किती नेमके शब्द आहेत! गळू ठसठसतं, दाढ ठणकते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, जखम चुरचुरते, चालून चालून पायाला रग लागते, सांध्यात चमक निघते, टाक्याला ओढ लागते. शब्द बदलला की दुखण्याचं मूळही बदललेलं असू शकतं. काल ओढ लागत होती आणि आज ठसठसतंय म्हणाला, तर ड्रेसिंग उघडून बघायला हवं. काकांच्या तोंडी आम्ही "ओढ लागते" ठेवलं, "वळलं की कळ येते" ठेवलं. कोकणीत बोलणारी मुलगी समोर आली तर ते कोकणीत सांगतात, अर्थ तोच ठेवून.

आकड्यांचंही तसंच. "शून्य ते दहा" म्हटल्यावर काका विचारतात, "दहा म्हणजे केवढं?" मुलीने समजावून सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर ते म्हणतात, "आठ आणे उतरलंय." जुनी माणसं बोलतातच असं. अशा वेळी मुलीने मनातल्या मनात पाच लिहून मोकळं व्हायचं नाही, पुढे विचारायचं: आठ आणे कशातले, निजल्यावरचे की उठतानाचे?

मग नऊ मुली, नऊ व्हिडिओ. दोन शिक्षिकांनी वेगवेगळं बसून चेकलिस्ट भरली, म्हणजे ठरलेलं वागणं दिसलं की नाही. दोघींचं जमलं ते नुसतं योगायोगाने जमण्यापेक्षा किती जास्त, हे सांगणारा 'कोहेनचा कप्पा' नावाचा आकडा काढला. बहुतेक ओळींवर चांगला जमला. एका ओळीवर मात्र दोघींचं बिनसलं, "बरं आहे म्हणण्याआधी थांबतो" या ओळीवर, म्हणून व्हिडिओ पुन्हा ओळीने लावले. तेव्हा कळलं. पहिल्या चार मुलींना काकांनी "बरं आहे" पटकन म्हटलं होतं. पाचवीपासून त्याआधी एक सुस्कारा यायला लागला. सातवी मुलगी फार मायेने बोलली, तर तिला न विचारताच "पण खोकलं की गे बाय..." असं सांगून बसले. म्हणजे शेवटच्या मुलींना उत्तर आयतं मिळालं. परीक्षेत हे झालं असतं तर पहिल्या चौघींवर सरळ अन्याय.

काकांना व्हिडिओ दाखवला तेव्हा ते खूप ओशाळले. मी म्हटलं, चूक माझी आहे, दुखणं धरून नऊ वेळा लागोपाठ पडून राहायला सांगणंच चूक. तासभर वरवरचा श्वास घेऊन माणूस खरोखर शिणतो. आता चार मुलींनंतर विश्रांती असते. त्या वेळात काका आपला पहिला व्हिडिओ पुन्हा बघतात. कोणी मायेने बोललं तर काय करायचं तेही लिहून ठेवलंय: खिडकीकडे बघायचं, बोलायचं नाही. आणि शेवटची मुलगी गेली की मी खाटेजवळ जाऊन त्यांना त्यांचं खरं नाव विचारते, आज घरी काय केलंय ते विचारते, म्हणजे तो बागायतदार खाटेवरच राहतो. परवा सोमवार होता, अळसांद्यांचं तोणाक होतं.

पुढची केस गुडघ्याच्या ऑपरेशनची, एका आजीची. काका म्हणाले, "आमच्या हिला घे, तिचा गुडघा बदललाय, तिला शिकवावं लागणार नाही." मी काकींना नाही म्हटलं. त्यांचा गुडघा अजून रात्रीचा दुखतो. अजून दुखतंय तेच दुखणं दिवसातून नऊ वेळा काढून दाखवायला मी कोणाला लावणार नाही. पण परीक्षक म्हणून या, असं म्हटलंय. शनिवारी येणार आहेत. १ ते ४ चा कागद मोठ्या अक्षरात छापून ठेवलाय.