वाळूजची स्कूटर विमानात चढवताना

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी एक्सपोर्टचे कागद बघते. आमची एक इलेक्ट्रिक स्कूटर युरोपातल्या टेस्टिंग लॅबला पाठवायची होती आणि लॅबची तारीख ठरलेली होती. एरवी आमचा माल बोटीने जातो. पण २०२३ च्या अखेरपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, त्यामुळे बोटीच्या भरवशावर तारीख गाठणं अवघड होतं. म्हणून विमान. साहेबांना वाटलं, भाडं जास्त पडेल, बाकी काय वेगळं असणार? वेगळं बरंच असतं. बिडकीन, शेंद्र्याकडे आता ईव्हीचं काम वाढतंय, हे कागद उद्या आपल्याकडे अनेकांच्या टेबलावर येतील, म्हणून लिहिते.

सुरुवात नंबरापासून. लिथियम बॅटरीची गाडी विमानासाठी धोकादायक माल ठरते, आणि धोकादायक मालाच्या प्रत्येक प्रकाराला संयुक्त राष्ट्रांचा एक नंबर, म्हणजे यूएन नंबर, असतो. बॅटरीवरच्या गाड्या पूर्वी सरसकट यूएन ३१७१ खाली जायच्या. आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमावलीत २०२५ पासून लिथियम आयनच्या गाडीला ३५५६, लिथियम मेटलला ३५५७ आणि सोडियम आयनला ३५५८ असे वेगळे नंबर आले. पॅकिंगची सूचना मात्र तीच, ९५२. जुने फॉरमॅट अजून अनेकांच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. पॅकिंगवाल्याकडून आम्हाला आलेल्या पहिल्या मसुद्यावरही ३१७१ च होता. असा कागद काउंटरवर गेला की माल तिथेच थांबतो.

आमच्या स्टोअरचे काका म्हणाले, "ताई, बॅटरी काढून येगळी पाठवा की. मग गाडीत काय हाय, लोखंड अन् प्लॅस्टिक." ऐकायला सोपं, पण प्रकरण वाढतं. सुटी बॅटरी म्हणजे यूएन ३४८०, आणि ती १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात चढतच नाही. काढून त्याच पेटीत ठेवली तर नंबर ३४८१ होतो आणि पॅकिंगचे नियम बदलतात. गाडीत घट्ट बसवलेली बॅटरी तिथेच राहू द्यावी, हे मी ठामपणे सांगेन.

खरं घोडं अडलं ते ३८.३ च्या चाचणीवर. लिथियम बॅटरीला संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी पुस्तिकेतल्या कलम ३८.३ प्रमाणे पास व्हावं लागतं. विमान उंच गेल्यावर हवेचा दाब घटतो म्हणून ११.६ किलोपास्कल किंवा त्याहून कमी दाबात किमान सहा तास ठेवतात. मग ७२ अंशांतून उणे ४० अंशांत आणि परत, शिवाय कंपनं, धक्के, शॉर्ट सर्किट, ओव्हरचार्ज. या सगळ्याचा गोषवारा मागणाऱ्याला मिळालाच पाहिजे, असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. आमच्या बॅटरी सप्लायरने पाठवला तो नुसत्या सेलचा, म्हणजे पॅकमधल्या एका सुट्या घटकाचा. सेल पास झाला म्हणून त्यापासून जोडलेला पॅक पास होत नाही, पॅकची चाचणी वेगळी. फोन केला की "पाठवतो मॅडम", आणि मेल उघडला की पुन्हा तोच सेलचा कागद. शेवटी साहेबांनी पेमेंट अडवलं तेव्हा पॅकचा गोषवारा आला. मी सीट उघडून, मोबाइलच्या उजेडात पॅकवरच्या स्टिकरचा मॉडेल नंबर त्या कागदाशी एकेक अक्षर ताडून पाहिला. तुम्हीही पाहा, कारण एका अक्षराचा फरक म्हणजे दुसरी बॅटरी. आणि पॅक अजून नमुन्याच्या अवस्थेत असेल, चाचणीच झाली नसेल, तर डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, मंजुरीशिवाय पुढे जाता येत नाही. त्याला वेळ हाताशी ठेवावा लागतो.

आता चार्जिंग. १०० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम आयन बॅटरी असलेल्या गाडीला १ जानेवारी २०२६ पासून चार्जची मर्यादा सक्तीची झाली: बॅटरीतला खरा चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको, किंवा डायलवर दिसणारा आकडा २५ च्या वर नको. दोन आकडे का, हे आमच्या वर्कशॉपमध्ये नीट कळलं. डायल दाखवतो तो चालवणाऱ्यासाठीचा आकडा. कंपन्या खाली-वर थोडा चार्ज राखून ठेवतात, त्यामुळे डायल आणि बॅटरीचं आतलं गणित तंतोतंत जुळत नाही. आमचा पॅक ५१.१ व्होल्ट, ६० अँपिअर-तास, म्हणजे ३०६६ वॅट-तास. त्याचे ३० टक्के म्हणजे ९२० च्या आत.

गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा डायलवर ८० च्या पुढे. टेस्टिंगचा पोरगा म्हणाला, "पैठण रोडला एक चक्कर मारून येतो, आपोआप उतरतंय." पण लॅबला द्यायच्या नव्या गाडीचे किलोमीटर वाढवायचे नव्हते आणि टायरला माती लागलेली चालणार नव्हती. मग पॅकला लोड बँक, म्हणजे कॉइल तापवून चार्ज उतरवणारं यंत्र, लावली. कॉइलची धग हाताला लागत होती आणि लॅपटॉपवर बीएमएसचे, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचे, आकडे हळूहळू खाली येत होते. २७ वर थांबवलं, तेव्हा डायलवर २३ होते. आणखी उतरवायचा मोह होतो, पण वाटेत गाडी किती दिवस पडून राहील सांगता येत नाही आणि लिथियम बॅटरी पार रिकामी झाली की खराब होते. दोन्ही स्क्रीनचे तारखेसकट फोटो काढले, कंपनीच्या लेटरहेडवर चार्जचं पत्र केलं, गाडीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पाडला आणि चावी काढून घेतली.

एवढी काटेकोर तपासणी कशाला, असं मला ऑफिसात विचारलं गेलं. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू जंबो विमान आगीने कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. लांब कशाला, एप्रिल २०२२ मध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरनी पेट घेतला होता. रस्त्यावर कंटेनर थांबवून माणसं बाजूला होऊ शकतात. आकाशात बाजूला व्हायला जागा नसते. भरलेल्या बॅटरीपेक्षा उतरवलेली बॅटरी बिघडली तर आगीचा जोर कमी असतो, म्हणून तो ३० चा आकडा. मला तो मनापासून पटतो.

पेटीचं लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं लागतं, गाभ्यापर्यंत ५६ अंशांत किमान ३० मिनिटं, आणि त्यावर एचटीचा शिक्का. हे काम आपल्याकडे सहज होतं. पेटीवर नवव्या वर्गाचं लेबल, यूएन नंबर, मालाचं नियमातलं नाव, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता. आपल्या चिकलठाणा विमानतळावरून परदेशी माल जाणारं विमान नाही, त्यामुळे पेटी समृद्धीने मुंबईला, सहार विमानतळाच्या कार्गोला. कस्टम्सचं शिपिंग बिल इलेक्ट्रिक दुचाकीच्या ८७११ ६० या कोडखाली केलं, त्यात काही अडलं नाही.

धोकादायक मालासाठीचं, लाल तिरक्या रेघांच्या किनारीचं डिक्लेरेशन मी भरलं. सही करणाऱ्याचं धोकादायक मालाचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं आणि ते २४ महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. सहीच्या वर लिहिलेलं असतं की हा माल सर्व बाबतींत नियमाप्रमाणे आहे. सही करण्याआधी मी प्रत्येक रकाना पुन्हा वाचला.

सहारच्या काउंटरवरचे गृहस्थ शांत होते. चेकलिस्टवर बोट ठेवत एकेक ओळ बघत गेले. चार्जचं पत्र पाहिलं, डायलचा फोटो मागितला, पॅकचा गोषवारा वाचला. मग म्हणाले, "या एअरलाइनची स्वतःची एक अट आहे, गाडी फक्त मालवाहू विमानाने." आमच्या फॉरवर्डरने, म्हणजे मालाचं बुकिंग करणाऱ्या एजंटने, बुकिंगआधीच ती विचारून घेतली होती, नाहीतर पेटी तिथेच पडली असती. आयाटाचा नियम पाळून भागत नाही. प्रत्येक एअरलाइनच्या जादा अटी असतात आणि त्या लेखी मागवाव्या लागतात.

गाडी तारखेच्या आत पोहोचली. आता लॅबला आणखी गाड्या जायच्या आहेत. यावेळी बॅटरीच्या परचेस ऑर्डरमध्येच ओळ घातली आहे: पॅकचा ३८.३ चा गोषवारा, त्याच मॉडेल नंबरचा, मालासोबत. तो नसेल तर गेटवर माल उतरवून घ्यायचा नाही, असं स्टोअरच्या काकांना सांगून ठेवलंय, आणि त्यांनी ते खडूने गेटच्या फळ्यावर लिहिलंय.