‘डोन्ट लुक नाऊ’ : कटमध्ये लपवलेली पूर्वसूचना

दिग्दर्शक निकोलस रोग यांचा १९७३चा हा सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण इथे शेवट सांगावाच लागणार आहे.

क्रिस्टीन ही मुलगी गमावलेलं जॉन आणि लॉरा हे जोडपं, हिवाळ्यातलं उदास व्हेनिस, आंधळ्या बाईला दिसणारी मेलेली मुलगी. एवढ्या भांडवलावर भुताचा सिनेमा सहज झाला असता. रोग आणि संकलक ग्रेम क्लिफर्ड यांनी भूत दाखवलंच नाही. सगळी भीती कटमधून, म्हणजे एका शॉटला दुसरा शॉट जोडण्यातून येते.

सुरुवातीचा प्रसंग शॉट थांबवून बघा. जॉन घरात चर्चच्या स्लाइड्स तपासतोय, बाहेर तळ्याकाठी लाल रेनकोट घातलेली क्रिस्टीन खेळतेय. तिने चेंडू फेकला की लगेच जॉन लॉराकडे सिगारेटचं पाकीट फेकतो. एका स्लाइडमध्ये चर्चच्या बाकावर लाल कपड्यातली पाठमोरी आकृती आहे. तिच्यावर पाणी सांडतं, लाल रंग ओघळत पसरतो, आणि कुणी हाक मारण्याआधीच जॉन उठून धावतो. दोन ठिकाणच्या हालचाली अशा जुळल्या की कारण कळण्याआधीच प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो.

खरी करामत मात्र बोटीची. मुलाला शाळेत अपघात झाला म्हणून लॉरा इंग्लंडला गेलेली असते, तरी जॉनला ती कालव्यातल्या बोटीवर ती आंधळी बाई आणि तिची बहीण यांच्याबरोबर दिसते. बायको संकटात आहे असं वाटून जॉन पोलिसांत जातो, आपल्यालाही तेच पटतं. प्रत्यक्षात त्याने स्वतःचीच, पुढे होणारी अंत्ययात्रा पाहिलेली असते.

शॉर्टफिल्म करणाऱ्यांचं नेमकं इथेच बिघडतं. भविष्य दाखवायचं म्हटलं की निळसर रंग, स्लो मोशन, घोंघावणारा आवाज. प्रेक्षक लगेच सावध होतो. रोग यांनी प्रकाश तोच ठेवला, वेग तोच ठेवला: जॉनची नजर, बोट, पुन्हा जॉन. शिवाय संशयाला दुसरी जागाही दिली. शहरात खुनी मोकाट आहे, त्यामुळे जॉनला बायकोची काळजी वाटणं स्वाभाविकच. लाल रंगही जपून वापरलाय. तुमच्या फ्रेममध्ये मागून कुणी लाल ओढणी घेऊन गेलं तर सगळी मेहनत पाण्यात.

डाफ्ने द्यु मॉरिए यांच्या मूळ कथेत मुलगी मेनिंजायटिसने जाते आणि जोडपं सुट्टीवर आलेलं असतं. सिनेमात ती बुडते आणि जॉन जुनं चर्च दुरुस्त करायला येतो. हा बदल मला मूळ कथेपेक्षा मोठा वाटतो: ज्या पाण्याने मुलगी नेली त्याच पाण्याच्या शहरात तो राहतो, आणि मोझेकचा तुकडा मूळ रंगाशी जुळतो का हे पारखणाऱ्या माणसाला स्वतःला दिसलेले तुकडे जुळवता येत नाहीत. ते चर्च, सान निकोलो देई मेंदिकोली, खरंच आहे. १९६६च्या महापुरानंतर सत्तरच्या दशकात त्याची दुरुस्तीही खरोखर झाली.

दुसऱ्यांदा पाहताना बोटीवरच्या लॉराचे कपडे बघा. काळे, शोकाचे. पहिल्या वेळी ते डोळ्यांसमोर असूनही निसटतात, कारण आपण जॉनबरोबर तिला हाका मारण्यात गुंतलेलो असतो.