कोरी डिस्क घेताना ब्रँड नंतर, आतला थर आधी बघा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतल्यात, घरातले सगळे जुने फोटो स्कॅन झालेत, आणि हे सगळं हार्ड डिस्कवर आहेच पण त्याची एक कॉपी अशी हवी की जी चुकून डिलीट होणार नाही, व्हायरस लागणार नाही, वीज गेली-आली तरी काही फरक पडणार नाही. म्हणून मी अजूनही सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे अशा कोऱ्या डिस्क राइट करते.

बहुतेक लोक बॉक्सवरचं नाव बघून डिस्क घेतात, पण नावावरून फारसं कळत नाही. कारण नाव एकाचं आणि डिस्क बनवणारा दुसराच असं या धंद्यात कायम चालत आलंय. जपानची तायो युडेन, जिच्या सीडीवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवायचे, तिने 2015 च्या शेवटी हे काम बंद केलं. आपल्याकडची मोझर बेअर 2018 मध्ये लिक्विडेशनला गेली. व्हर्बॅटिम आता तैवानच्या सीएमसीकडे आहे. म्हणून डिस्क ड्राइव्हमध्ये टाकून सॉफ्टवेअरने तिचा मीडिया कोड बघायचा, बनवणारा कोण ते बऱ्याचदा तिथे कळतं.

खरा प्रश्न थराचा आहे. साध्या सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय डाय, म्हणजे रंगाचा थर असतो, लेझरने तो जळतो आणि तोच आपला डेटा, पण ऊन, उष्णता, दमट हवा या सगळ्याने तो हळूहळू खराब होतो. बहुतेक बीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच राइट होणाऱ्या ब्लू-रेमध्ये, डायच नसतो, अजैविक थर असतो, त्याला एचटीएल म्हणतात. स्वस्तातली एलटीएच टाइपची मात्र परत डायवालीच, पाकिटावर सहसा तसं लिहिलेलं असतं, ती घेऊच नका. एम-डिस्कमध्येही अजैविक थरच असतो, कंपनी हजार वर्षांचा दावा करायची, तो दावा बाजूला ठेवला तरी डीव्हीडीच हवी असेल तर मी एम-डिस्कच घेईन, फक्त ती राइट करायला चालणारा ड्राइव्ह लागतो. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत राइट करायची डिस्क, जपून ठेवायच्या डेटासाठी नकोच.

माझी निवड सांगते, 25 जीबीची एकाच थराची एचटीएल बीडी-आर. 100 जीबीच्या डिस्कमध्ये तीन थर असतात आणि एक डिस्क गेली की केवढा डेटा जातो बघा! सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे चांगला माल मिळतोय तोवर घेऊन ठेवा, आणि एक जास्तीचा ड्राइव्हसुद्धा, कारण डिस्क टिकली आणि वाचायला ड्राइव्ह नसला तर काय उपयोग.

राइट करताना सगळ्यात जास्त स्पीड नको, मधला ठेवा, झाल्यावर व्हेरिफाय कराच, आणि चेकसमची (फाइल बदलली-बिघडली का ते ओळखायच्या आकड्याची) फाइल त्याच डिस्कवर टाका. स्टिकर अजिबात नको, नाव लिहायचं तर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनने आणि मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहा. सीडीचा चकचकीत थर लेबलच्या बाजूला असतो, वर फक्त पातळ लॅकर, त्यामुळे तिकडून ओरखडा पडला तर संपलंच. ब्लू-रेमध्ये उलट, वाचायच्या बाजूला जेमतेम 0.1 मिमीचं कव्हर असतं, ते जपायचं.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात ओल सांभाळा, डिस्क केसमध्ये उभ्या ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. दुसरी कॉपी दुसऱ्या गावी एखाद्या नातेवाईकाकडे असू द्या. वर्षातून एकदा काढून चेकसम जुळवा, आणि एखादी डिस्क अडखळत वाचली जायला लागली की थांबू नका, त्याच दिवशी नवीन कॉपी करा.